नदी नसलेल्या गावातले दोन पूल

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते सभेत, व्यासपीठाच्या कडेला. नेते बोलत होते, आणि त्यांच्या एक वाक्य आधी याचे ओठ हलत होते. भाषण लिहिणारा हाच, तिने ओळखलं. तेवढ्यात त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि त्याचे ओठ थांबले. नेतेही थांबले, पण ते खोकल्यामुळे.

ती वर्तमानपत्रासाठी भाषणं तपासायची. 'आमचा पक्ष सर्वांत प्रेमळ' हे मत, सोडून द्यायचं. 'आम्हीच जिंकणार' हे भाकीत. निकालापर्यंत कळ काढायची. पण 'गावाला दोन पूल आहेत' हा दावा, आणि दावा दिसला की लिहिणाऱ्याला फोन.

"कुठले हो दोन पूल?"

"एक जुना, एक नवा."

"आपल्याकडे नदीच नाही."

"अरेच्चा! तरीच एवढे टिकले..."

ती हसली नाही. फोन ठेवून, टेबलाखाली वाकून मग पोटभर हसली.

पुढच्या भाषणात चौकातल्या घड्याळाला पाच काटे फुटले. त्यापुढच्यात डोंगरातल्या या गावाला दीपगृह मिळालं. फोन लांबत गेले. घरी आईने विचारलं, "आवडतो का गं तुला?"

"आवडतो... पण आई, ज्याला खऱ्याखोट्याचा पत्ता नाही, त्याचा भरवसा कसा धरायचा?"

निकाल लागला. नेते सपशेल आपटले. पुलांमुळे नव्हे, भाषणं तिच्याशिवाय कुणी ऐकतच नव्हतं.

संध्याकाळी तो तिच्या टेबलापाशी आला, बॅग घेऊन.

"निघालो. इथलं काम संपलं. जाताना एक सांगू? तुमच्याइतका गोड आवाज कुणाचाच नाही."

"मत."

"तुमच्यावाचून मला वेड लागेल."

"भाकीत. आणि जरा उशिराचं."

तो बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"पूल मी मुद्दाम लिहिले. दीपगृहसुद्धा... तुम्ही फोन फक्त दाव्यांसाठी करता ना – म्हणून."

मग तिने शिरस्त्याप्रमाणे फोन लावला. त्याचा खिसा वाजला. दोन पावलांवर उभं राहून त्याने तो उचलला.

"हॅलो, एका दाव्याची खात्री करायची होती. हे सगळं माझ्या फोनसाठी?"

"हो."

"महामूर्ख आहात तुम्ही."

"हे मत झालं..."

"दावा आहे. पुरावा, दीपगृह." तिने फोन दुसऱ्या कानाला धरला. "आणि... मला तुम्ही आवडता."

"हे – हे कशात धरायचं?"

तिने फोन ठेवला, त्याच्या हातातली बॅग काढून घेतली आणि आपल्या टेबलाखाली सारली.

"राहा," ती म्हणाली, "आणि तपासा."