सात घरची चक्कर

गुरुवार होता, म्हणून सानिका मगदूमने देशिंगकरांना फोन लावला.

तिच्या कानामागची चकती नुकतीच दोनदा थरथरली होती. म्हणजे झटका निघाला, दहा मिनिटांत पोचणार. पूर्वी या दहा मिनिटांत ती बादली शोधायची, पडदे ओढायची आणि भिंत धरून जमिनीवर आडवी व्हायची. आता ती फोन करते.

"देशिंगकर, सानिका बोलतेय. घेता का?"

"घेतला की! त्यात विचारायचं काय?" देशिंगकरांचा आवाज नेहमीसारखा मोकळाढाकळा होता. मागे कुकरची शिट्टी झाली.

तिने फोनवरची खूण दाबली आणि गॅसवरच्या आमटीकडे वळली. आमटी अळणी. बावीस वर्षं अळणीच. आमटीला उकळी आली, दहा मिनिटं होऊन गेली, आणि भिंत भिंतीच्या जागी राहिली. सांगलीच्या दुसऱ्या टोकाला कोणाची तरी भिंत आत्ता फिरायला लागली असणार, हा विचार तिच्या मनात दर वेळी यायचा. दर वेळी ती तो आमटीबरोबर ढवळून टाकायची.

हा आजार तिला छत्तिसाव्या वर्षी जडला. आपल्या कानाच्या आत, ऐकायच्या शंखाला लागूनच, तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. त्यांत पाणी असतं. डोकं वळलं की ते पाणी हलतं, आणि आपण कुठे वळलो हे मेंदूला समजतं. दोन्ही कानांचे निरोप जुळले म्हणजे माणूस सरळ उभा राहतो. सानिकाच्या डाव्या कानातल्या पाण्याचा दाब मधूनच वाढायचा, मिठाने तर जास्तच. मग तो कान बोंब मारायचा, 'फिरतोय, फिरतोय!' उजवा म्हणायचा, 'कुठे काय?' अशा भांडणात मेंदू बोंब मारणाऱ्याचंच ऐकतो. घरोघरी हाच न्याय. मग पाच-पाच तास खोली गरगरायची, पोटातलं सगळं बाहेर यायचं, आणि पुढचे दोन दिवस पाय कापसावर पडत असायचे.

शिवाय हे दुखणं बाहेरून दिसत नाही. प्लास्टर नाही, ताप नाही. सानिका मोजणी खात्यात भूमापक होती. उन्हातान्हात बांधावर यंत्र लावून दोन भावांच्या जमिनीतली रेष ठरवणं हे तिचं काम. एकदा भर मोजणीत ती बांधावरून खाली कोसळली, तेव्हा दोन्ही भावांनी आपलं भांडण बाजूला ठेवून आधी तिच्या तोंडाचा वास घेतला. त्यानंतर खात्याने तिला टेबलावर बसवलं आणि ती निवृत्तीपर्यंत तिथेच बसली. दुखण्याची सवय होते म्हणतात. होत नाही. नुसता कंटाळा येतो, दुखण्याचाही आणि ते दुसऱ्याला समजावून सांगण्याचाही.

मग तोल-विभाजन निघालं. हे डॉक्टरांनी दिलेलं नाव. लोकांनी त्याला सरळ 'उतारा' म्हणायला सुरुवात केली. माणसावरून लिंबू-भात उतरवून तीन रस्त्यांच्या तिकाटण्यावर ठेवायची सवय असलेल्या मुलखात दुसरं काय म्हणणार? कल्पना अशी, की चक्कर हे शेवटी एक बिघडलेलं गणित आहे. डोक्याच्या मागच्या भागात जो लहान मेंदू असतो, तो हे गणित सोडवतो आणि तोल परत आणतो. निरोगी माणसाला त्यासाठी चाळीस मिनिटं पुरतात. सानिकाचा लहान मेंदू मात्र तेच गणित सोडवून सोडवून थकला होता. म्हणून चकती काय करायची, तर कानाचा खोटा निरोप वाटेतच अडवायची आणि दुसऱ्या माणसाच्या कानामागच्या चकतीकडे धाडायची. त्याच्या मेंदूने गणित सोडवलं की उत्तर सानिकाकडे परत. उत्तर निघेपर्यंत चाळीस मिनिटं गरगरायचं ते त्या माणसाने. हेच काम संगणकाकडून करून पाहिलं होतं, पण यंत्राचं उत्तर मेंदूला पटेना. जिवंत डोक्यातून आलेलंच त्याला चालतं.

एक नियम होता. एका माणसाने आठवड्यातून एकदाच घ्यायचं. जास्त घेतलं तर त्याचा मेंदू गणित सोडवायच्या ऐवजी चक्करच पाठ करून बसण्याची भीती. म्हणून माणसं सात लागायची. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून सात घरी जेवायचे. सानिकाने वार लावून सात घरी चक्कर वाढली. गुरुवार देशिंगकरांचा, सोमवार शेजारच्या शेवाळेबाईंचा, बाकीचे वार खात्यातल्या जुन्या सोबत्यांचे, आणि रविवार धाकट्या बहिणीचा, शर्वरीचा. सात जण जमवायला तिला एक आठवडासुद्धा लागला नव्हता. विचारलं त्या प्रत्येकाने हो म्हटलं.

दोन दिवसांनी, शनिवारी, ती तपासणीसाठी मिरजेला डॉक्टर मुजावरांकडे गेली. सहा महिन्यांनी एकदा जावं लागायचं. एरवी 'काय ताई, कसं काय' म्हणून हसणारे मुजावर आज पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा तपासत होते.

"ताई, दोन गोष्टी सांगायच्यात," शेवटी ते म्हणाले. "एक चांगली आहे. पण दुसरी तिच्या पोटातच आहे, म्हणून पंचाईत झालीय."

"सांगा की. बावीस वर्षं ऐकतेच आहे."

"तुमचा कान विझला. होतं असं या आजारात कधीकधी. वादळ येऊन येऊन थकतं आणि थांबतं. गेल्या पाच महिन्यांत तुमच्या डाव्या कानाने एकदाही खोटा निरोप धाडलेला नाही."

सानिका हसलीच. "काहीतरीच! परवा गुरुवारी आला की मला. त्याच्या आधी सोमवारी."

"चकती थरथरली. पण झटका तुमचा नव्हता." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "समोरच्याकडून उत्तर यायला एक वाट लागते ना? त्या वाटेने उलटा झटका आला. तो सुरू होतोय शर्वरीताईंच्या डोक्यात."

"शर्वरीचा फक्त रविवार असतो."

"कागदावर." मुजावरांनी चष्मा काढून पुसला. "यात 'बदली' नावाची सोय आहे. घेणाऱ्याला त्या दिवशी काही अडचण असली, तर त्याने ती खूण दाबायची. मग मोकळं कोण आहे ते यंत्र शोधतं आणि त्याला विचारतं. देणाऱ्याला हे कळवत नाहीत. त्याला उगाच अपराधी वाटायला नको, म्हणून. परवाचा तुमचा झटका देशिंगकरांनी बदलीवर टाकला. ते आडवे झालेच नाहीत. शेवाळेबाईही नाहीत. दोन वर्षं हळूहळू सगळ्यांचं असंच होत गेलं. बदली आठवड्याच्या नियमात मोजत नाहीत, म्हणून यंत्र विचारत राहिलं आणि हो म्हणणाऱ्या एकट्या शर्वरीताई उरल्या. नको इतकं घेतलं त्यांनी. आता त्यांच्या मेंदूला चक्कर पाठ झालीय."

"म्हणजे मी परवा देशिंगकरांना फोन केला..."

"तेव्हा शर्वरीताई आधीच जमिनीवर होत्या. त्यांचाच झटका तुमच्याकडून देशिंगकरांकडे आणि तिथून फिरून त्यांच्याकडेच."

सानिकाने पडदा पुन्हा त्यांच्याकडे वळवला. "आणि तुम्ही हे बघत होता?"

"यंत्र बघत होतं, ताई. माणूस सहा महिन्यांनी बघतो, तोही फक्त तुमचा कान," मुजावर म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

खरं तर कोणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. आजारी बाई स्वतः फोन करते, घेता का म्हणून विचारते; तोंडावर नाही कसं म्हणायचं? हो म्हणायचं, आणि ती फोन ठेवून सुखाने आमटी ढवळायला गेली की हळूच खूण दाबायची. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे ती चकरेची आई निघाली.

"आता पुढे काय?"

"तुम्ही मोकळ्या. मीठ खा, गाडी चालवा, कुठे जायचं तिथे जा. शर्वरीताईंना मात्र आता सात जण लागतील. सहा तुमचेच आहेत. मी सगळ्यांशी बोलेन, पण बदलीची सोय काढून टाकता येत नाही. जबरदस्ती नको, असा कायदाच आहे." मुजावरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "सातवं कोणी पाहिजे. तुमच्या मेंदूला पाच महिने विसावा मिळालाय. आठवड्यातून एकदा, चाळीस मिनिटं तुम्हाला झेपेल."

"रविवार माझा. घाला नाव."

"घरी जाऊन विचार करा."

"बहीण आहे माझी. विचार कसला करायचा?" सानिका म्हणाली, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं.

सगळी जोडणी उलटी करायला आठवडा लागणार होता. तोवर शर्वरीला गुंगीच्या औषधावर ठेवायचं ठरलं.

बाहेर पडल्यावर फाटकाशी एक भडंगवाला उभा होता. सानिकाने एक पुडा घेतला आणि तिथेच उभ्याने खाल्ला. मीठ जिभेला झोंबलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. भडंगवाल्याला वाटलं, तिखट लागलं. मग तिने मान वर करून नारळाच्या झाडाचा शेंडा पाहिला. मान मागे टाकून वर बघणं तिने बावीस वर्षांत केलं नव्हतं. शेंडा वाऱ्याने जेवढा हलत होता तेवढाच हलत होता. तो आठवडा तिने असल्याच गोष्टींत घालवला. स्टुलावर चढून जळमटं काढली. डाव्या कुशीवर झोपली. दोनदा तर भाजीत मीठ जास्त झालं आणि तिने ती आवडीने संपवली. आठ दिवसांत माणूस बावीस वर्षं विसरत नाही, पण विसरायला बसतो. सकाळी उठून तोल चाचपडायचा राहून गेला तो चौथा दिवस.

रविवारी सकाळी ती विश्रामबागेत शर्वरीकडे गेली. शर्वरी एकटीच राहायची. तिने एका हाताने चौकट धरूनच दार उघडलं. ते धरणं सानिकाच्या चांगलंच ओळखीचं होतं.

"तुला कधी कळलं?" चहा पुढ्यात आल्यावर सानिकाने विचारलं.

"दिवाळीच्या सुमाराला. विचारणा यायच्या आधीच गरगरायला लागायचं. म्हटलं, हे काय नवीन."

"आणि तरी हो म्हणायचीस? बोलायचं नाही होय मला?"

"काय बोलायचं, ताई? मध्ये तू घरी आली होतीस ना, तर फोडणी करता करता गाणं म्हणत होतीस. किती वर्षांनी. म्हटलं, असू दे की." शर्वरीने कपाचा कान धरला, पण कप उचलला नाही. "आईच्या तेराव्याला तू पडली होतीस. तेव्हा सगळ्यांच्या देखत मी काय म्हटलं होतं, आठवतंय तुला?"

सानिकाला शब्द न् शब्द आठवत होता. काम दिसलं की हिला चक्कर येते.

"काही नाही बाई आठवत," ती म्हणाली.

"मला आठवतंय. पहिला उतारा घेतला ना तुझा, त्या चाळीस मिनिटांत मी देवाला म्हटलं, हिला पंधरा वर्षं मी नाटकी म्हणत होते! मग कोणाचीही बदली आली की मला नको म्हणवेना. फेडतेय असं वाटायचं. आता तू घेणार म्हटल्यावर मात्र कसंसंच होतंय. तुला आत्ता कुठे..."

वाक्य तिथेच तुटलं. शर्वरीचा हात कपावर आदळला आणि चहा टेबलभर झाला. तिची नजर एका बाजूला घसरत होती, झटक्याने परत येत होती, पुन्हा घसरत होती. ती खुर्चीवरून खाली सरकली आणि दोन्ही तळवे फरशीला चिकटवून बसली.

"ताई," ती दातांतून म्हणाली, "घेतेस का?"

सानिकाने चटई ओढली आणि तिच्या शेजारी आडवी झाली. घ्यायचंच होतं. त्यासाठीच तर ती आली होती. फोन हातात होता, त्यावर 'घेतला' ही मोठी खूण आणि तिच्याखाली लहान अक्षरांत 'बदली'.

"घेतला," ती मोठ्याने म्हणाली.

तेवढ्यात तिच्या तोंडाला पाणी सुटलं. ओकारीच्या आधी सुटतं ते. अजून काहीच झालं नव्हतं, तरी पाठीखालची फरशी आता उचलणार असं वाटलं आणि बादलीचा तो प्लास्टिकचा वास तिच्या नाकात शिरला. चाळीसच मिनिटं, तिने स्वतःला बजावलं. बहीण आहे. पण अंगाला बहीण कळत नव्हती. अंगाला फक्त ती बावीस वर्षं कळत होती. तिचा अंगठा खाली सरकला आणि त्याने 'बदली' दाबलं. पडद्यावर कोणाचं तरी नाव आलं. ते तिने वाचलं नाही.

शर्वरीची नजर हळूहळू थाऱ्यावर आली. तिने लांब श्वास सोडला. "गेलं, ताई. थांबलं." मग शेजारी आडव्या पडलेल्या बहिणीकडे तिचं लक्ष गेलं आणि ती रडायला लागली. धडपडत उठली, नॅपकीन ओला करून आणला, सानिकाच्या कपाळावर ठेवला. पडदा ओढला.

"फार होतंय काय गं?"

उत्तर देताना मान हलवायची नाही, हे सानिकाला ठाऊक होतं. नजर छताच्या एकाच कोपऱ्यावर लावायची, श्वास तोंडाने घ्यायचा, बोटं चटईत रोवायची. यातलं तिला काही शिकावं लागलं नाही. शर्वरी तिचा हात धरून बसली होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बरं झालं, मला तू आहेस." सांगलीत कुठेतरी, ज्याला नाही म्हणता आलं नाही असं कोणीतरी, आत्ता भिंत धरत होतं. सानिकाला आपली लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

"बादली," दहाव्या मिनिटाला ती पुटपुटली. शर्वरी धावत जाऊन घेऊन आली.

चाळीस मिनिटं झाली, तरी सानिका उठली नाही. लगेच उठलं तर खरं वाटणार नाही, म्हणून ती आणखी दहा मिनिटं तशीच पडून राहिली.