डावा हात वर

तो आला तेव्हा मी बाकाखाली होते. चिमणीचा दुधाचा दात पडला होता, आणि तो सापडल्याशिवाय गणित होणार नाही असं अख्ख्या तिसरीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी गुडघ्यांवर, केसांत खडूची पूड... आणि नाकासमोर एकदम चकचकीत काळे बूट.

"हा शोधताय का?" वरून आवाज आला. बुटांचा मालक खाली वाकला. त्याच्या तळहातावर चिमणीचा दात होता.

मी घाईघाईनं उठायला गेले आणि बाकाला डोकं आपटलं. वर्ग खो खो हसला. त्यालाही हसू येत होतं, पण त्यानं ओठ घट्ट मिटून धरले. तेवढ्यावरूनच मला वाटलं, साहेब असला तरी माणूस बरा दिसतोय.

उद्या येणार म्हणून आठवडाभर गाजत असलेला तपासणीस तो हाच, आणि तो आजच उगवला होता. सगळ्या सरकारी शाळांना श्रेणी द्यायचं काम चाललं होतं, त्यात आमच्या शाळेची पाळी आली होती. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, धापा टाकत त्याच्या मागोमाग आल्या आणि दारातूनच मला डोळ्यांनी खूण केली. खुणेचा अर्थ मला माहीत होता. ती पद्धत त्यांचीच होती.

पाहुणे आले की प्रश्न विचारायचा आणि सगळ्या वर्गानं हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. बाईंनी उजवा हात बघून मूल उठवायचं. पाहुणा खूश, मोठ्या बाई खूश, मुलांना तर हा खेळच वाटायचा. मला मात्र लाज वाटायची. पण नोकरीत नव्या माणसानं मोठ्या बाईंपुढे तोंड किती उघडायचं?

मी प्रश्न विचारले. हात वर गेले, उजवी मुलं उठली, टकाटक उत्तरं आली. तो मागच्या भिंतीला टेकून बघत होता. चौथ्या प्रश्नाला तो म्हणाला, आता मी उठवतो. आणि त्यानं नेमकं चिमणीकडे बोट केलं.

चिमणी उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि पडलेल्या दाताच्या फटीतून अगदी सरळपणे सांगितलं, "पण मी डावा केला होता ना."

मोठ्या बाईंना खोकला आला. मला वाटलं, संपलं. तो मात्र एवढंच म्हणाला, "हो की. माझंच लक्ष नव्हतं. बस."

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मैदानाकडे बघत, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तुमच्या वर्गात डावखुरी मुलं फार आहेत, बाई."

"इथल्या पाण्याचा परिणाम असेल," मी म्हणाले.

"असं? मग मला वरचेवर यावं लागणार. पाण्याची तपासणी आलीच त्यात."

मी हसले, आणि हसता हसता मला एकदम रडू यायला लागलं. काय झालं कोण जाणे, मी त्याला सगळं सांगून टाकलं. चौथीच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, म्हणून तिसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्यापुढे. इकडे भागाकार, तिकडे बेरीज. निम्म्या वर्गाला धड वाचता येत नाही आणि एकेकाला जवळ घेऊन बसायला मला वेळ नाही. 'अ' श्रेणी मिळाली तर शाळेला काय मिळणार? फाटकावर लावायला एक पाटी. 'क' मिळाली तर मात्र एक जादा शिक्षिका आणि वाचनाचा वेगळा तास मिळतो, हे मी नियमात वाचलं होतं.

"मला पाटी नको, माणूस हवंय," मी म्हणाले. "जसं आहे तसं लिहा."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "आजवर मला कुणी कमी मार्क मागितले नव्हते," तो म्हणाला. "लिहीन. जसं आहे तसंच."

मग तो येत राहिला. कधी सांगून, बरेचदा न सांगता. तिसरीच्या बुटक्या बाकावर बसायचा तेव्हा त्याचे गुडघे कानांपाशी जायचे. मुलं त्याला 'उंट सर' म्हणू लागली आणि त्याला ते ठाऊक होतं. एकेका मुलाला शेजारी घेऊन तो वाचायला लावायचा. अडलं की थांबायचा, घाई करायचा नाही.

चिमणीनं त्याला धडा घडाघडा वाचून दाखवला. मी खूश झाले, म्हटलं, पोरगी हुशार निघाली. त्यानं तिच्या हातातलं पुस्तक हळूच घेतलं, उलटं केलं आणि परत तिच्या हातात दिलं. चिमणीनं त्या उलट्या पुस्तकावर बोट ठेवून तोच धडा तितक्याच घडाघडा वाचला. ऐकून ऐकून तिला तो पाठ झाला होता. कोणत्या अक्षरावर आपलं बोट आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला ते ठाऊक नाही हेही नाही.

त्यानं मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. ते लपवायला त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं उगाच पुसला... आणि मी त्या क्षणी त्याच्या प्रेमात पडले. दुसऱ्याच्या मुलीसाठी ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं त्याच्यावर माझं प्रेम बसणार नाही तर कुणावर बसणार?

त्यानंतर कपाटापुढे माझा वेळ जरा जास्तच जायला लागला. वहिनीच्या नजरेतून काय सुटतंय! "आज तपासणी आहे वाटतं," ती दारातून म्हणायची. "शाळेची की शाळेतल्या बाईंची?" आई आतून विचारायची, काय गं, कसली तपासणी? आणि आम्ही दोघी तोंडावर हात दाबून हसायचो.

हातांची ती पद्धत आता आमची झाली होती. शाळा सुटली की आम्ही बसथांब्यापर्यंत चालत जायचो. तो विचारायचा, चहा? मी उजवा हात वर करायचे. आजची बस सोडून द्यायची? उजवा. तुम्हाला माझा राग येतो का? डावा. रस्त्यानं जाणारे बघत राहायचे, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. एकदा बारीक पाऊस होता. छत्री एकच होती, त्याची. त्यानं ती सगळी माझ्यावर धरली होती आणि त्याची एक बाही ओलीचिंब झाली होती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "आता नको... श्रेणीचं काम संपलं की विचारतो. नाहीतर लोक म्हणतील, तपासणीस फितूर झाला."

"विचारा की. हात तयार आहे," मी म्हणाले.

"कुठला?"

माझी पर्स डाव्या हातात होती, ती फक्त घट्ट धरली. त्याला कळलं. कानापर्यंत लाल झाला बिचारा.

निकाल आला तेव्हा मी चौथीला नकाशा दाखवत होते. मोठ्या बाई चक्क पळत आल्या. त्यांना पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला मुलांसमोरच मिठी मारली.

"'अ'," त्या म्हणाल्या. "निवृत्तीच्या वर्षी माझ्या शाळेला 'अ'."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, कचेरीत कुणीतरी घोळ घातला असेल, तो आला की निस्तरेल.

तो संध्याकाळी आला. नवा शर्ट घालून आला होता. शाळा रिकामी झाली होती, मी मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. लांबूनच तो हसला, आणि ते हसू बघून मला कळलं. घोळ कुणीही घातला नव्हता.

"तू लिहिलंस?" मी विचारलं. त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं, ते असं.

"हो. मीच." तो जवळ आला. "ऐक तर. 'क' श्रेणीबरोबर वर्गशिक्षकाची बदली होते, हे तुला माहीत नव्हतं. नवा नियम आहे. तुला कुठल्या कुठे टाकलं असतं. वर्षभरात एकदा तरी दिसली असतीस का मला?"

"आणि चिमणी?"

"तिला तू आहेसच की."

"मला दोन वर्ग आहेत. मी तिला दिवसाकाठी किती मिळते, तू बघितलं आहेस. तूच पुस्तक उलटं केलं होतंस ना?"

तो हळू आवाजात म्हणाला की पुढच्या तपासणीत बघू, तेव्हा काहीतरी करता येईल. 'अ' मिळालेल्या शाळेत तीन वर्षं तपासणीस फिरकत नाही. तोवर माझा हा वर्ग चौथीपर्यंतची ही शाळा सोडून गेलेला असेल, आणि घोकलेले धडे डोक्यात घेऊन पुढच्या शाळेत मागच्या बाकावर बसलेला असेल. हे मी त्याला सांगायची गरज नव्हती. नियम त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होते.

"खोडून टाक," मी म्हणाले.

"आता नाही होत. वर गेलंय."

"मला विचारायचं तरी होतंस. मी म्हटलं असतं, होऊ दे बदली. पत्ता दिला असता. आला असतास बसनं."

"मला भीती वाटली," तो म्हणाला. "तू हो म्हटलं असतंस बदलीला, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच नाही विचारलं."

तो खरं बोलत होता. त्याचा चेहरा मला त्याही वेळी आवडत होता, हा सगळ्यात मोठा वैताग. रागानं मला तोंड फिरवता येईना आणि प्रेमानं जवळ जाता येईना. तो शेवटी म्हणाला की हे सगळं त्यानं माझ्यासाठी केलं. मला वाटलं, ओरडावं. माझ्यासाठी मी त्याच्याजवळ 'जसं आहे तसं लिहा' ही एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मागताना मी त्याची कुणीही नव्हते.

पाटी लावायचा कार्यक्रम मोठ्या बाईंनी झोकात केला. फाटकाला नवा रंग, मुलांच्या भांगात चप्प तेल, शेजारच्या शाळांमधली मंडळी खुर्च्यांवर. पाटी पितळेची होती आणि तिच्यावर 'उत्कृष्ट शाळा' असं कोरलं होतं. मी माझा वर्ग घेऊन पहिल्या रांगेत उभी होते. चिमणीनं माझं बोट धरलं होतं. तिला नवा दात आला होता.

त्याला फाटकाजवळ मानाची खुर्ची होती. आठवडाभर तो रोज बसथांब्यावर उभा असायचा आणि मी रोज मागच्या वाटेनं घरी जायचे. आई विचारायची, तपासणी संपली वाटतं? वहिनी काही विचारत नव्हती. तिनं माझा चेहरा बघितला होता.

पडदा सरकला. टाळ्या झाल्या. मोठ्या बाई भाषणात रंगल्या, रडल्या, हसल्या. सगळ्या शाळेला आमचं गुपित माहीत होतं, आणि त्यांना तर ते स्वतःचंच वाटत होतं. भाषणाच्या शेवटी त्या मान वाकडी करून म्हणाल्या, साहेबांनी आमच्या शाळेला पास केलं, आता आमच्या बाईंनी साहेबांना पास करायचं तेवढं राहिलंय. सगळे हसले. कुणीतरी मागून म्हणालं, विचारा साहेब, विचारूनच टाका.

तो उभा राहिला. त्याला हे असं नको होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. पण बसायचीही सोय नव्हती. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "विचारायचं राहिलं होतं," तो म्हणाला. आवाज इतका खाली की पहिल्या रांगेच्या पुढे गेला नसेल. "माझ्याशी लग्न करशील?"

माझ्या मनात काय नव्हतं? ती ओली बाही होती, बुटक्या बाकावर कानांपाशी आलेले गुडघे होते, उलटं पुस्तक बघून भरलेले डोळे होते. 'नाही' हा शब्द तोंडातून निघेना. आणि माझ्या मुलांसमोर, त्या पाटीखाली 'हो' म्हणायचं तर मला पुन्हा या वर्गापुढे उभं राहता आलं नसतं.

मी चिमणीच्या हातातून बोट सोडवलं आणि हात वर केला.

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मोठ्या बाईंनी डोळे पुसले. खुर्च्यांवरची मंडळी एकमेकांना टाळ्या देत होती. हात वर गेला एवढंच त्यांना दिसलं, आणि आमच्या शाळेत पाहुण्यांना तेवढंच दाखवायची रीत होती. तो मात्र खुर्चीची पाठ धरून उभा होता. त्याला पहिल्या दिवसापासून हात ओळखता येत होते.

माझ्या वर्गातली मुलं टाळ्या वाजवायची थांबली होती. चिमणीनं माझी बाही ओढली आणि मी खाली वाकले.

"बाई," ती माझ्या कानात म्हणाली, "तुम्हालापण उत्तर येत नाही?"

"नाही गं," मी म्हणाले, आणि वर्गाला रांगेनं आत घेऊन गेले. फळ्यावर तारीख घातली, आणि चिमणीला पुस्तक घेऊन माझ्या शेजारी बसायला सांगितलं.