लव्हेंडरचं तेल आणि तपासनीस बाई

खिडकीवर नमुने घेणारी बाई त्या दिवशी रजेवर होती, म्हणून प्रयोगशाळेची तपासनीस स्वतःच तिथे बसली होती. नाहीतर दोघांची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.

"माझं तेल नापास केलंत तुम्ही?" रिपोर्ट फडफडवत तो समोर येऊन उभा राहिला. लव्हेंडर पिकवणारा तरुण. बाहीला दोन-चार जांभळी फुलं अजून चिकटलेली.

"मी नाही, मशीननं. ज्या द्रव्यामुळे लव्हेंडरला तो गोड वास येतो, तेच कमी भरलंय. भेसळ असणार."

"भेसळ? तेल काढायच्या भट्टीवर माझी आई बसते. तिच्यासमोर बोलून दाखवा हे!"

चिडलेल्या माणसानं इतकं देखणं दिसू नये, असं तिला उगाचच वाटून गेलं...

"दाखवते की. पत्ता सांगा."

रविवारी ती खरंच जाऊन थडकली. आईनं तिला नीट न्याहाळलं आणि भट्टीचं झाकण उघडलं. आत फुलं पाण्यात रटरटत होती. तपासनीस बाईनं कपाळावर हात मारला.

"अहो काकू, उकळत्या पाण्यात बुडून राहिली की ते द्रव्य मोडतं! फुलांना नुसती वाफ हवी. पाण्याच्या वर जाळी बसवा." मग आवाज खाली आला. "भेसळ म्हटलं, ते चुकलंच माझं."

"मला काय सांगतेस? अत्तरवाला माल परत पाठवतो म्हणाला, तेव्हापासून धड जेवला नाहीये माझा मुलगा. त्याला सांग," असं म्हणत आई हसू दाबत फुलं आणायला निघून गेली.

जाळी बसली, नवं तेल पास झालं, अत्तरवालाही खूश झाला. तरी तो बाटल्या घेऊन येतच राहिला. आठवड्यात तिसऱ्यांदा आला, तेव्हा तिनं विचारलं,

"हे कालचंच तेल आहे ना?"

"वासावरून ओळखलंत?"

"मशीननं सांगितलं."

"आणखी काय काय सांगतं हो तुमचं मशीन?"

"बाटलीत काय आहे ते. आणणाऱ्याच्या मनातलं नाही सांगता येत त्याला."

तो कानापर्यंत लाल झाला. "मग ते मीच सांगतो... तुम्ही आवडता मला. फार."

त्याचा जीव टांगणीला लागला. तिनं शांतपणे ॲप्रन काढून खुंटीला अडकवला.

"चला."

"कुठे?"

"माझ्या बाबांना भेटायला. प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडतात ते."

"आणि... नापास झालो तर?"

"तर उद्या पुन्हा नेईन," ती म्हणाली. "पास होईपर्यंत!"