मागच्या खोलीतला खोकला

हे खरं आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला रचून सांगता येत नाही. आणि येत असतं तरी नवऱ्याच्या मरणावर रचलं नसतं.

आमचं इस्त्रीचं दुकान. वर दोन खोल्या. मागच्या खोलीत हे झोपायचे.

गेल्या थंडीत यांना ताप आला, खोकला लागला.

लेक म्हणाला, "आई, डॉक्टरांना बोलावतो. या वयात फ्लू वाईट."

"सर्दीला डॉक्टर? तुझा बाप काय लोण्याचा आहे?"

हे हसले. हसता हसता खोकले.

पाच दिवस मी कुणाचं चालू दिलं नाही. माझी वाफ, माझा शेक. सहाव्या दिवशी ओठ निळे पडले, तेव्हा दवाखाना. नवव्या दिवशी दुपारी खोकला थांबला.

कायमचा.

यंदा थंडी पडली त्या मंगळवारी, दुपारी चारला... मागच्या खोलीतून खोकला आला.

कोरडा. दोनदा.

खोलीत कुणी नव्हतं.

सूनबाई कपड्यांचा गठ्ठा घेऊन जिन्यातच थबकली. "आई... तुम्ही खोकलात?"

"मी तोंडाने खोकते गं, भिंतीआडून नाही."

बोलले खरी. पण मागच्या खोलीत पुन्हा डोकावून आले.

दुसऱ्या दिवशी खोकला ओला झाला. तिसऱ्या दिवशी धाप लागली.

तेच दुखणं. त्याच पायऱ्यांनी वर चढत होतं.

मी लेकाला म्हणाले, "डॉक्टरांना बोलाव. आत्ता."

"कुणासाठी?"

"बोलाव म्हणते ना!"

डॉक्टर आले. गल्लीत नवीनच. यांना कधी पाहिलेलंही नव्हतं. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं, तर त्यांनी माझीच छाती तपासली. "आजी, छाती स्वच्छ आहे तुमची."

तेवढ्यात रिकाम्या पलंगावरून...

डॉक्टरांच्या कानात नळी तशीच होती. ते गादीकडे बघत राहिले. मग गोळ्या लिहून दिल्या. वय विचारलं नाही. लिहिलं... अठ्ठ्याहत्तर.

माझं सत्तर आहे.

गोळ्या मी वेळच्या वेळी उशीपाशी ठेवायचे. शेजारी पेलाभर कोमट पाणी. थोड्या वेळाने पाणी कमी झालेलं असायचं. गोळी नसायची.

लेक म्हणाला, "मांजर असेल."

"तुझं मांजर जेवणानंतर गोळी घेतं का रे, शहाण्या?"

पलंगाशी बसून मी रोज म्हणायचे, "चुकलं माझं." पन्नास वर्षांच्या संसारात यांनी हे माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी... खोकला थांबला.

दहावा दिवस गेला. अकरावा गेला. खोली गप्प.

लेक म्हणतो, "सुटलीस आई." त्याला काय कळतंय.

मी अजून पेला भरून ठेवते. पाणी तसंच्या तसं असतं.

तुम्हीच सांगा... यंदा हे बरे होऊन उठले, की पुन्हा गेले?