चौथा वाटा

सावेली छावणीच्या भट्टीवर पाव भाजायचा, म्हणून त्याच्या अंगावर मांस होतं. रशियाच्या गोठलेल्या टोकाला, कोलिमाच्या त्या सोन्याच्या खाणीवर बाकीचे कैदी म्हणजे कापडात गुंडाळलेली हाडं. सावेली वोलोग्दाकडचा, भोळा, गोल चेहऱ्याचा. सामुदायिक शेतात कापणीनंतर पडलेली कणसं वेचली, एवढ्यावर त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली होती. इथे आल्यापासून त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. त्यामुळे श्मीगा भट्टीपाशी येऊन बसायला लागला, घरच्यांची चौकशी करायला लागला, तेव्हा सावेलीला भरून आलं.

श्मीगा मुरलेला चोर. पहारेकरीही त्याला वचकून असत. गोर्देई नावाचा आडदांड गडी सदा त्याच्यामागे. उन्हाळ्यात पळायचं, सावेलीनं पाव सुकवून साठवायचा, वाटेचं आम्ही बघतो, असं त्यांनी ठरवलं. सावेलीनं एका शब्दानं होकार दिला. शेजारच्या फळीवर झोपणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांना मात्र त्यानं राहवेना म्हणून सांगितलं.

"एवढ्या माणसांत तुलाच का, विचारलंस त्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी पाव भाजतो ना, दादा."

डॉक्टरांनी त्याच्या दंडाकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पळणं सोपं गेलं. तिथला उन्हाळा म्हणजे सूर्य मावळायचं नावच घेत नाही. लार्चच्या विरळ रानातून, पाय रुतणाऱ्या शेवाळातून, डासांच्या ढगांतून ते चालत राहिले. श्मीगा सावेलीचं ओझं स्वतः उचलायचा, पावातला मोठा तुकडा त्याला द्यायचा. "खा लेका, तू खाल्लंस की आम्हाला बरं वाटतं," असं म्हणून हसायचा. सख्ख्या भावांनीही आपले एवढे लाड केले नव्हते, असं सावेलीला वाटे.

मग नदी ओलांडताना एक पोतं वाहून गेलं. पाव संपत आला. लाड थांबले. गोर्देई बोलता बोलता गप्प होऊन सावेलीच्या मांड्यांकडे बघत बसायचा.

शेवटच्या पावाचे श्मीगानं चार तुकडे केले.

चुकून झालं असेल, असं सावेलीला वाटलं. पण गोर्देईनं चौथा तुकडा सावेलीच्या शेजारच्या दगडावर ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "घे रे प्रोखोर."

दगडावर कुणी नव्हतं. सावेली थट्टा समजून हसला. ते दोघे हसले नाहीत. थोड्या वेळानं त्यानं पाहिलं, तर दगडावर तुकडाही नव्हता.

त्यानंतर ते दोघे प्रोखोरशी बोलायला लागले. प्रोखोर मागे राहिला की थांबायचे. त्याच्या ढेरीवरून चेष्टा करायचे. भुकेनं यांची डोकी फिरलीत, असं सावेलीनं ठरवलं. पण झोपून उठल्यावर शेवाळ दबलेलं दिसे, ते चार जागी. आणि चौथी जागा इतरांपेक्षा रुंद असे.

एकदा त्याचे डोळे मिटलेले पाहून ते दोघे कुजबुजू लागले.

"दोन गायी आणल्या ते बरं झालं," गोर्देई म्हणाला. "आधी कुठली?"

"प्रोखोर. त्याच्या अंगावर जास्त आहे. हा तोवर चालू दे आपल्या पायांनी."

गाय. छावणीतल्या चोरांचा तो शब्द सावेलीनं भट्टीवर अर्धवट ऐकला होता. पळताना बरोबर घ्यायचा धष्टपुष्ट, अजाण माणूस, खाणं संपलं की कापायला. डॉक्टरांनी आपल्या दंडाकडे का पाहिलं, तेही आता त्याला कळलं. पळावं तर कुठे? वाट त्या दोघांनाच ठाऊक. तो तसाच कुशीवर पडून राहिला.

तेव्हा त्याच्या पाठीला पाठ लागली. रुंद, उबदार पाठ. श्वासाबरोबर हलणारी. मागून आवाज आला, त्याच्याच मुलखातल्या माणसासारखा, लांबवत बोलणारा.

"झोप सावेली. तुझ्या आधी माझा नंबर आहे."

त्यानं वळून पाहिलं नाही. आणि नवल म्हणजे त्याला झोप लागली.

सकाळी श्मीगानं त्याला पाणी आणायला पिटाळलं. ओढा लांब होता. तो परतला तेव्हा विस्तवावर डबा उकळत होता आणि दोघांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. डब्यातून वास येत होता. एका फांदीवर कापलेल्या मांसाच्या पट्ट्या धुराला टांगल्या होत्या.

खरंखुरं मांस. त्यानं बोट लावून पाहिलं.

"ओरडलासुद्धा नाही," गोर्देई जमिनीकडे बघत म्हणाला. "स्वतःहून कोट काढला. घडी घालून माझ्या हातात दिला."

"गप खा," श्मीगा म्हणाला.

कोट कुठे दिसत नव्हता. रक्ताचा थेंब नव्हता. ताजी उकरलेली मातीही नव्हती. सावेलीच्या पुढ्यात वाटा आला. त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली, मनात त्या माणसाचं नाव घेतलं आणि खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो चावत होता. लाज वाटत होती. पण त्याहून मोठं काहीतरी आत दाटलं होतं, लहानपणी तापातून उठल्यावर आईच्या हातची पेज पिताना दाटायचं तसं. कुणीतरी आपल्या जागी गेलं होतं.

त्या मांसावर तिघे डोंगर चढून गेले.

मांस संपलं त्या दिवशी धुकं उतरलं. गोर्देई चालता चालता थांबला.

"प्रोखोर हाका मारतोय. मागे राहिला वाटतं."

श्मीगानं त्याला शिवी हासडली. पण गोर्देई वळला आणि धुक्यात गेला. बराच वेळ झाला. श्मीगा कान देऊन उभा होता. मग त्यालाही काही ऐकू आलं असावं, कारण त्याचा चेहरा पांढरा पडला. कुऱ्हाड घट्ट धरून तोही गेला.

सावेलीला काहीच ऐकू आलं नाही.

धुकं निवळल्यावर तो शोधायला गेला. शेवाळावर बुटांचे दोन जोड होते. शेजारी शेजारी, नीट ठेवलेले. बाजूला कुऱ्हाड. पातं कोरडं.

तो एकटाच पुढे चालत राहिला. वाट ठाऊक नव्हती, तरी पाय आपोआप वळत होते. मग ताप चढला. पडल्याचं त्याला आठवतं. त्यानंतर कुणाच्या तरी पाठीवर आपण डुलत चाललोय, एवढंच आठवतं.

शुद्ध आली तेव्हा तो एव्हेन या रेनडिअर पाळणाऱ्या लोकांच्या वस्तीत, कातड्याच्या तंबूत होता. बाहेर रेनडिअरच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मोडकंतोडकं रशियन बोलणारी एक म्हातारी त्याला चमच्यानं रस्सा पाजत होती. पळालेल्या कैद्याला पकडून दिलं तर बक्षीस मिळायचं, हे त्या मुलखात सगळ्यांना माहीत होतं. तरी तिनं त्याच्या पायांना चरबी चोळली होती. त्यानं तिचा हात कपाळाला लावला.

"देव तुझं भलं करो, आजी. तू मला वाचवलंस."

"मी कुठलं? तुझ्या दोस्तानं तुला दारात आणून ठेवलं. जाडा आहे, कोट नाही अंगात. त्याचे उपकार मान."

सावेली उठून बसला. "आहे कुठे तो?"

"गेला. किती बोलावलं आत, रस्सा घे म्हटलं. नको म्हणाला." म्हातारीनं वाडगा खाली ठेवला. "पोट भरलंय म्हणाला. वाटेत दोघांकडे जेवून आलोय."

सावेली धडपडत दाराशी गेला. रानात कुणी नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला, कपाळ जमिनीला टेकवलं आणि बराच वेळ तसाच राहिला.

मागून म्हातारी आली. रानावरची नजर न काढता तिनं हळूच त्याला आत ओढलं, दाराचं कातडं खाली सोडलं आणि दोऱ्या आतून बांधायला लागली.