कुशाबातात्यांची तुर्की

"हायदी! चेक, चेक, चेक!"

लालबागच्या चाळीच्या अंगणात बेबी पालथ्या पिंपावर उभी राहून ओरडत होती. खाली दोरखंडाच्या एका टोकाला दौलतची टोळी आणि दुसऱ्या टोकाला आनंदाची टोळी. दोघांचे चेहरे टोमॅटोसारखे लाल.

"यावाश," बेबीने हात खाली केला. ओढणं सावकाश झालं.

"दुर!"

सगळे होते तिथे गोठले. एकटा आनंदा धप्पदिशी पाठीवर पडला.

"चेक म्हणजे ओढ, दुर म्हणजे थांब. कितीदा सांगायचं रे तुला?"

"मी थांबलोच होतो," आनंदा धूळ झटकत म्हणाला. "दोरी नाही थांबली."

त्या मे महिन्यात चाळीतली पोरं रस्सीखेचसुद्धा तुर्कीत खेळत होती. बाहेर सगळ्या मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा, भिंती चुन्याने रंगलेल्या, मोठी माणसं सभांना पळत होती, आणि इथे ही तुर्की. त्याला कारण होतं. शाळेत इंग्रजी सुरू व्हायचं आठवीत. बेबी, दौलत आणि आनंदा आत्ताशी पाचवी पास. "दोन वर्षं वाट कोण बघणार? आपण दुसरी एखादी परदेशी भाषा शिकू," असं बेबीने ठरवलं. चाळीत मिळण्यासारखी दुसरी परदेशी भाषा एकच होती. ती तळमजल्यावर शेवटच्या खोलीत राहायची, कुशाबातात्यांकडे. फी म्हणून फक्त तात्यांची पाठ खाजवून द्यायची.

तात्या तरुणपणी पहिल्या महायुद्धात पलटणीत होते. तिकडे तुर्कांच्या हाती सापडले आणि कैदी म्हणून डोंगरात रेल्वेचे बोगदे खणत राहिले. तुर्की तिथलीच. पण यातलं एक अक्षरही चाळ खरं मानत नव्हती. दोष थोडा तात्यांचाही होता. तिकडचं वांगं एवढं मोठं, की पाऊस आला तर दोन शिपाई बंदुकांसकट आत बसायचे, असं ते सांगायचे. माणसाने एकदा वांग्यात शिपाई बसवले की त्याचा पुढचा शब्द कोण खरा धरणार?

"पाणी म्हणजे सू," तात्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि पोरं पोट धरून हसली होती.

"हसा. तिकडच्या उन्हात घसा सुकला की तुम्हीपण दारोदार सू मागत फिराल."

"आणि भाकरी?"

"एकमेक. एकमेकांत वाटून खायची म्हणून."

भाकरीचं नाव निघालं की मात्र तात्यांचा आवाज खाली यायचा. बोगद्याच्या कामावर त्यांना ताप भरला होता, तेव्हा जवळच्या गावातली एक म्हातारी ओढणीखाली लपवून रोज भाकरी आणून द्यायची. पहारेकऱ्याने पाहिलं असतं तर तिला फटके बसले असते. तरी आणायची.

"तुम्ही तिला काय म्हणायचात?" बेबीने विचारलं. "तुर्कीत आभार कसे मानतात?"

"तेवढा शब्द नाय येत गो. आमचे मास्तर म्हणजे पहारेकरी. त्यांनी ओढ शिकवलं, थांब शिकवलं, चल शिकवलं. कैद्याचे आभार कोण मानतो? मी आपले नुसते हात जोडायचो. तिला ते कळत होतं की नाही, देव जाणे."

नेमकी बेबीची आई, शांताबाई, पाण्याची कळशी घेऊन चालली होती. ती म्हणाली, "तात्या, ही म्हातारी पण वांग्यातूनच निघाली का?"

सगळी गॅलरी हसली. तात्या नेहमी अशा टोमण्याला दुप्पट मोठी थाप मारून उत्तर द्यायचे. त्या दिवशी ते उठून खोलीत गेले. पोरं पाठ खाजवायला गेली तर म्हणाले, "शिकवणी बंद. चाळीस वर्षं लोक मला खोटारडा म्हणतायत. आता माझं मलाच कळेनासं झालंय. हे शब्द खरंच ऐकले होते, की मीच रचले?"

दुसऱ्या दिवशी तात्या आणि तिघं पोरं पिशव्या घेऊन बसने कफ परेडला गेली. पावसाळ्यात ताजी मासळी मिळत नाही, म्हणून लालबागच्या घराघरांत मे महिन्यातच सुके बोंबील भरून ठेवायचे. तात्यांची तिथली ओळखीची कोळीण म्हणजे रखमा. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते आणि वास असा, की आनंदाने नाक धरलं ते सोडलंच नाही.

पण आज रखमाचं बोंबलांकडे लक्षच नव्हतं. जाळी ठेवायच्या छपराखाली माणसांचा घोळका होता आणि मधोमध एक गोरा तरुण बसला होता. निळा सदरा, डोळे लाल.

"चोर हाय," रखमा म्हणाली. "माझी होडी ढकलत होता. विचारलं तर बोलत नाय."

गोऱ्यासमोर काळी टोपी घातलेले एक गृहस्थ उभे होते. ते जवळच राहणारे चिंतामणराव, एका कचेरीत हेडक्लार्क. साहेबाशी बोलायला वस्तीने त्यांना मुद्दाम बोलावून आणलं होतं.

"व्हॉट इज युअर गुड नेम?" चिंतामणरावांनी विचारलं.

गोऱ्याने मान हलवली.

"व्हॉट इज युअर गुड नेम?" या वेळी त्यांनी इतक्या मोठ्याने विचारलं, की मांडवावरचे कावळे उडाले.

गोरा काहीतरी पुटपुटला आणि समुद्राकडे बोट दाखवू लागला. लांब, बंदराबाहेर, एक काळं जहाज नांगरून उभं होतं. त्याच्या धुराड्यातून धूर यायला लागला होता.

"बघितलंत?" चिंतामणराव घोळक्याकडे वळले. "गोरा असून इंग्रजी बोलत नाही. याचा अर्थ काय? इंग्रजी येत असून लपवतोय. माणूस लपवतो कधी? मनात काळंबेरं असतं तेव्हा. मी इराण्याकडून पोलिसांना फोन करतो. करू देत आठवडाभर चौकशी. तोवर याला हलू देऊ नका."

आणि ते टोपी सावरत गेले.

"तो रडतोय," बेबी हळूच म्हणाली. "चोर असं जहाजाकडे बघून रडेल का?"

"धूर येतोय म्हणजे जहाज निघणार," दौलत म्हणाला. "हा त्याच्यावरचाच खलाशी असला तर? ते गेलं की हा इथेच राहणार. आणि याची भाषा इथे कोणालाच येत नाही."

तेवढ्यात रखमाने हाक दिली, "बघत काय बसलात? हात लावा." पावसाच्या आधी होड्या वर ओढून ठेवायच्या असतात. बाकीच्या वर आल्या होत्या, रखमाची शेवटची. होडीखाली गोल ओंडके घातले होते. दोरखंडाला कोळी लागले, त्यांच्यामागे पोरं आणि अगदी शेपटाला तात्या.

रखमाच्या नवऱ्याने सुरुवात केली, "संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" म्हणत सगळ्यांनी ओढलं. होडी हातभर वर सरकली.

"संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!"

छपराखालचा गोरा हे डोळे फाडून बघत होता. त्याने होडीच्या बाजूला पाहिलं, आणि एकदम ताडकन उठला. एक ओंडका तिरका होऊन निसटत होता. होडी कलायला लागली होती आणि त्याच बाजूला रखमा फळी सरकवत वाकली होती. दोर ओढणाऱ्यांना ते दिसतच नव्हतं.

"दुर! दुर!" गोरा ओरडत धावला आणि त्याने होडीला खांदा लावला. "यावाश!"

दोर थांबला. सगळ्यात आधी शेपटाकडून थांबला. तात्या टाचा वाळूत रोवून उभे राहिले, त्यांच्यापुढे तीन पोरं दगडासारखी थिजली. त्यांचा झटका बसून पुढचे कोळीही थांबले. रखमा बाहेर निसटली. ओंडका सरळ केला, होडी जागेवर बसली.

मग दौलत म्हणाला, "आपण का थांबलो?"

"तो थांबा म्हणाला म्हणून," आनंदा म्हणाला. आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

बेबी आधीच धावली होती. ती गोऱ्यासमोर उभी राहिली, ओंजळ तोंडाला लावली आणि विचारलं, "सू?"

गोऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं जणू मांडवावरचा बोंबीलच बोलला. मग "सू, सू!" म्हणत त्याने रखमाच्या माठातलं पाणी तांब्यावर तांब्या रिचवलं. सकाळपासून कुणी त्याला पाणी विचारलंच नव्हतं. पाणी पिऊन झाल्यावर तो बेबीशी भडाभडा बोलू लागला. त्यातलं तिला एक अक्षर कळेना. तिला ओढणं, थांबणं आणि खाणंपिणं एवढंच येत होतं.

"तात्या, या ना पुढे."

तात्या अजून दोर धरून उभे होते. "मला नाय येत गो. लोक म्हणतात ते खरं असेल. ते सगळं मीच..."

"मग आत्ता थांबलात कसे?" बेबीने कमरेवर हात ठेवले. "सगळ्यांच्या आधी?"

तात्यांनी दोर खाली ठेवला. हळूहळू चालत ते त्या पोरापुढे आले. आणि बोगद्यातला प्रत्येक कैदी रोज उठल्या उठल्या जे विचारायचा, घरी नेणारी आगबोट कुठे आहे, ते त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर आलं.

"वापूर नेरेदे?"

पोराने त्यांचे दोन्ही हात धरले. समुद्राकडे दाखवत म्हणाला, "वापूर! आक्शाम... आक्शाम..."

"आक्शाम म्हणजे संध्याकाळ," तात्या म्हणाले. "त्या जहाजावरचाच आहे पोरगा. गावात चुकला असणार, बरोबरचे परत गेले. जहाज संध्याकाळी सुटतंय. होडी चोरायची नव्हती रखमा, ह्याला घरी जायचंय."

रखमाने आकाशाकडे पाहिलं. ऊन कलायला आलं होतं. "पोराने माझा पाय वाचवला," ती म्हणाली. "भरती हाय तोवर होडी परत पाण्यात न्या. मी सोडून येते त्याला."

तेवढ्यात वाळूतून काळी टोपी येताना दिसली. चिंतामणराव.

"मेलो," आनंदा म्हणाला. "ते काही जाऊ द्यायचे नाहीत."

"तुम्ही ओढा. मी बघते," म्हणत बेबी वेणी मागे टाकून थेट त्यांच्यासमोर गेली.

"काका, तुम्ही मघाशी साहेबाशी किती छान बोललात. आम्हाला इंग्रजी आठवीपासून आहे हो. तोवर आम्ही अशीच राहणार का?"

चिंतामणराव थबकले. त्यांच्या मिशीत हसू आलं. "जिज्ञासा आहे तुला. उत्तम. म्हण, धिस इज अ बोट."

"धिस इज अ बोट," बेबी हातांनी वल्हवल्यासारखं करत म्हणाली.

"हातवारे नकोत. उच्चार. बोऽट."

"बोऽट. काका, ती एक असली तर. पुष्कळ असल्या तर?"

मग चिंतामणराव किनाऱ्याकडे पाठ करून हातातल्या छडीने वाळूत अक्षरं काढू लागले आणि काळवेळ विसरले. त्यांच्या पाठीमागे "संयुक्त महाराष्ट्र" आणि "झालाच पाहिजे" चालू होतं, पण त्या दिवसांत ते मुंबईत कुठे चालू नव्हतं? शिवाय आता त्यात एक नवा, जाडा आवाज मिसळला होता. गोरा पोरगा कोळ्यांच्या बरोबरीने खांदा लावून, प्रत्येक झटक्याला छाती फुगवून ओरडत होता, "झालास पाहिजे!" त्याला वाटलं, मराठीत जोर लावा म्हणजे हेच.

होडी पाण्यावर डुलली. रखमा आणि तिचा नवरा चढले. पोरगा चढता चढता परत फिरला, तात्यांपाशी आला, छातीवर हात ठेवला आणि मान झुकवून म्हणाला, "साओल, बाबा. साओल."

तात्या बघतच राहिले. हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी दौलतकडे पाहिलं.

"तात्या," दौलत म्हणाला, "हाच तो असणार. पहारेकऱ्यांनी न शिकवलेला."

पोरगा होडीत चढला. होडी लाटांवर गेली. तात्या गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि पश्चिमेकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. "साओल," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. दौलत आणि आनंदाला कळलं, हे काही होडीतल्या पोराला नव्हतं.

आता मात्र चिंतामणराव वळले. होडी बरीच लांब गेली होती. तिच्यातून गोऱ्याने हात उंचावून शेवटची आरोळी दिली, "झालास पाहिजे!"

चिंतामणरावांची छडी हातातून पडली. "याला मराठी येतं? मग माझ्याशी इंग्रजीत का नाही बोलला?"

पोरांनी त्यांना सगळं सांगितलं. तसे चिंतामणराव टोपी काढून तात्यांसमोर आले. "गोऱ्या माणसाला इंग्रजी येत नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही नसता तर मी त्या पोराला अडकवून ठेवलं असतं. आणि ही मुलगी," त्यांनी बेबीकडे बोट केलं, "हिला आठवीपर्यंत थांबवू नका. रविवारी माझ्याकडे पाठवा, तिघांनाही. हिने मला जसं गुंतवून ठेवलं तसं आमच्या साहेबांनासुद्धा जमलेलं नाही."

थोड्या वेळाने हवालदार आले. त्यांना वाळूत "धिस इज अ बोट" एवढंच सापडलं. दूर समुद्रावर जहाजाचा भोंगा वाजला, आणि परत आलेल्या रखमाने पैसे न घेता सगळ्यांच्या पिशव्या बोंबलांनी गच्च भरल्या.

रात्री लालबागच्या अंगणात सगळी चाळ जमली. आनंदाने गोष्ट सांगितली, दौलतने दुरुस्त केली, बेबीने दोघांना गप्प करून पहिल्यापासून सांगितली. संपल्यावर कुणी हसलं नाही. शांताबाई उठून आत गेली. गरम भाकरी आणि भाजलेला बोंबील ताटलीत घेऊन आली आणि तात्यांच्या पुढ्यात ठेवून तिथेच जमिनीवर बसली.

"तात्या," ती म्हणाली, "ती म्हातारी खरी होती."

"होती गो."

"आणि ते वांगं?"

तात्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "खरं सांगू? मी आजवर कमी करून सांगत होतो. दोन नाय, तीन शिपाई बसायचे."

चाळ पोटभर हसली. तात्यांनी भाकरीचे तुकडे केले, तिघा पोरांच्या हातावर एकेक ठेवला, उरलेला स्वतः घेतला, आणि छातीवर हात ठेवून शांताबाईपुढे मान झुकवली.

"साओल, शांता."