सातवा सापळा

"कपाटातले शिल्लक सापळे रोज संध्याकाळी डोळ्यांनी बघून मोजायचे. कंटाळा करायचा नाही!" मावशीने सुट्टीच्या पहिल्याच दिवशी चिमणीला बजावलं होतं. "हो गं मावशी, त्यांना काय पाय फुटणार आहेत?" असं म्हणून चिमणीने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं.

आज शुक्रवार होता आणि सगळ्यांची डोकी चक्रावली होती.

"सहाव्या सापळ्यात किती?" चिमणीने वही उघडत विचारलं.

"पाच आहेत. पण नंबरवालं एकही नाही!" झाडाखालून प्रोफेसर ओरडला. हा तिचा मामेभाऊ. वय वर्षं बारा, पण चष्मा आणि ऐट साठीतली.

"नीट बघ ना!"

"तीनदा बघितलं. आता काय पंख धुऊन बघू?"

मावशी कॉलेजात फुलपाखरांचा अभ्यास करायची. कॉलेजमागच्या झाडीत मच्छरदाणीच्या कापडाचे सहा लांबुळके सापळे टांगले होते, अगदी कंदिलासारखे. प्रत्येकाच्या खाली बशीत कुजकं केळं आणि साखर. फुलपाखरू खालच्या फटीतून येतं, खातं आणि उडताना वरच जातं. खाली वाट आहे हे त्याला उमगतच नाही. मग मावशी त्याला अलगद धरायची, पंखावर बारीक आकडा लिहायची आणि सोडून द्यायची. पुढच्या दिवसांत नंबरवाली किती परत सापडतात, त्यावरून झाडीत एकूण किती असतील याचा अंदाज निघायचा.

सोमवार-मंगळवार मिळून चाळीस फुलपाखरांना आकडे मिळाले होते. बुधवारी त्यातलं एकही सापडलं नाही. गुरुवारीही नाही. गेली कुठे चाळीसच्या चाळीस?

"पक्ष्यांनी खाल्ली असतील," चिमणी म्हणाली.

"फक्त आकडेवालीच? म्हणजे पक्षी गणिताचे मास्तर दिसतात!"

"ती लपली असतील," सहा वर्षांची पिटुकली म्हणाली. ही चिमणीची धाकटी बहीण.

"कुणापासून?"

"तुझ्यापासून. तू किती ओरडतोस!"

चिमणीला मात्र हसू येईना. सकाळीच विभागप्रमुख सर मावशीला म्हणाले होते, "बाई, तुमची शाईच फुलपाखरं मारतेय. दुपारी बारापर्यंत एक तरी नंबरवालं जिवंत दाखवा, नाहीतर अभ्यास बंद." तेव्हापासून मावशी प्रयोगशाळेच्या खिडकीत आकडे लिहायच्या पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. "मी आधी स्वतःच्या नखावर लावून बघितली होती रे ही शाई," एवढंच ती म्हणाली. मावशीला असं हळू बोलताना चिमणीने कधी ऐकलं नव्हतं.

अकरा वाजले. बशांसाठी साखर आणायला चिमणीने कपाट उघडलं आणि ती तिथेच थबकली.

"प्रोफेसर, इथे जादाचा सापळा असतो ना? सातवा?"

"असतो की. वहीत आहे. 'शिल्लक एक.' रोज तूच लिहितेस."

चिमणीने वही मिटली. "मी... मी न बघताच लिहायचे."

कपाटात सापळा नव्हता. आंबवलेल्या केळ्याची मोठी बाटलीही नव्हती!

"बुधवारी सकाळी इथे कोण आलं होतं?" प्रोफेसरने चष्मा सावरला.

"सर! वार्षिक अहवालासाठी फोटो काढायला! पण विचारलं तर ते कबूल थोडेच करणार आहेत?"

"विचारायचंच नाही. कौतुक करायचं!"

दोन मिनिटांत तिघं सरांच्या टेबलासमोर होती. "सर, परवाचा तुमचा फोटो म्हणे झक्कास आलाय! दाखवा ना!" चिमणी म्हणाली.

सरांची कळी खुलली. त्यांनी फोन पुढे केला. फोटोत सर होते, आणि त्यांच्या शेजारी एक सापळा.

"सर, आमच्या सगळ्या सापळ्यांना आकड्याची पट्टी आहे. याला का नाही?" प्रोफेसरने विचारलं.

"तो जादाचा होता रे. फोटोसाठी टांगला. फुलपाखरांची गर्दी दिसावी म्हणून बाटलीही अख्खी ओतली!"

"आणि मग काढला कधी?"

सरांनी फोटो पुन्हा जवळून बघितला. "तो... फोटोग्राफर काढणार होता ना?"

"हे निळं दार पंपघराचं आहे!" पिटुकली फोटोवर बोट ठेवून किंचाळली. "तिथे मांजर असते!"

तिघं धूम पळाली. मागून आरडाओरडा ऐकून आलेली मावशी, आणि मावशीमागून धापा टाकत सर!

पंपघरामागे सापळा लोंबत होता. आत पंखांची नुसती दाटी! केळ्याची चटक आधीच लागलेली नंबरवाली फुलपाखरं या दाट वासाने सगळ्यांत आधी तिकडे ओढली गेली होती आणि अडकून बसली होती. मावशीने जाळी उघडली.

"अकरा! एकतीस! चार!" प्रोफेसर आकडे वाचत होता, चिमणी लिहीत होती. अडतीस नंबरवाली जिवंत निघाली. काही तर झोकांड्या खात उडाली. दोन मात्र तळाशी निपचित पडली होती. ती बघून चिमणीचे डोळे भरून आले.

"मावशी, मी कपाट बघितलं असतं, तर बुधवारीच कळलं असतं."

मावशीने तिला जवळ ओढलं. "आज बघितलंस ना? आणि खरं सांगितलंस."

सरांनी घाम पुसला. "बाई, शाई निर्दोष आहे. चूक माझी. अभ्यास चालू राहील, आणि अहवालात या तिघांचा फोटो छापायचा!"

"सापळ्याशिवाय!" प्रोफेसर म्हणाला, आणि सगळे खळखळून हसले. सरसुद्धा!

दोन दिवस ती फुलपाखरं जाळीवर धडका देत होती. कॉलेजातली माणसं पंपघरावरून ये-जा करत होती. कुणाला काही ऐकू आलं नाही, कारण फुलपाखरांना हाक मारता येत नाही.

तर मुलांनो, जरा थांबा. मघापासून तुमच्या घरात कोण गप्प आहे? दुपारपासून आडवी झालेली आजी? दुसऱ्या खोलीतलं धाकटं भावंड? उठा, आधी त्यांना बघून या. हाकेची वाट बघू नका.